पाठमोरा नायक

वाऱ्यानं आर्डिसची टोपी उडवली, ती भिरभिरत थेट नायकाच्या बुटांपाशी जाऊन पडली.

अमेरिकेतल्या यूटाच्या लाल डोंगरांत त्या उन्हाळ्यात काउबॉय सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. ज्या कादंबरीवर तो बेतला होता, ती गावात घरोघरी वाचलेली. झेल्मा मावशीच्या खानावळीत राबणाऱ्या आर्डिसला तर ती जवळजवळ पाठ होती. टोपी झटकून पुढे करणारा, काळ्या शर्टातला तो उंच माणूस पाहून ती टोपी घ्यायचीच विसरली.

"तुम्ही... तुम्हीच ना ते?"

"छे हो! ते तंबूत घोरतायत. मी त्यांची पाठ."

"पाठ?"

"घोडा उधळवायचा, कड्यावरून उडी मारायची... की पाठमोरा मी. रूबेन. चेहरा दाखवायची परवानगी नाही. तुम्ही तेवढा बघून घ्या."

"बघितला," आर्डिस टोपी घेत म्हणाली. "परवानगी नाही तेच बरंय!"

तो एवढ्या मोठ्यानं हसला, की दिग्दर्शकांनी वळून पाहिलं. आर्डिसचा बांधा, तिचे तांबूस केस थेट नायिकेसारखे... आणि त्यांच्या नायिकेला धूळ अजिबात सोसत नव्हती. दुसऱ्याच दिवशी निळा झगा घालून आर्डिस नायिकेची पाठ झाली.

मग काय! दोन शॉट्सच्या मधे घोडागाडीच्या सावलीत बसायचं, एकाच बाटलीतलं पाणी प्यायचं. त्याच्या बोटांना खोगिराच्या चामड्याचा वास यायचा. तो वास तिला आवडायला लागला होता.

"तुमचं घर कुठंय?" तिनं एकदा विचारलं.

"खोगीर उतरवीन तिथे. एक सिनेमा संपला, की दुसरा."

आर्डिसनं बाटलीला बूच लावलं आणि ती सावलीतून उठली.

शेवटच्या दिवशी शेवटचा प्रसंग. कादंबरीतल्यासारखाच – नायक कायमचा निघून जातो, नायिका दारात उभी राहून बघते. दोघंही पाठमोरे. रूबेन निघाला... आणि अर्ध्या वाटेत घोडा गर्रकन माघारी वळला. पुन्हा निघाला. पुन्हा वळला!

"त्या घोड्याला झालंय तरी काय?" दिग्दर्शक ओरडले. "ऊन उतरत चाललंय!"

आर्डिस झगा सावरत त्याच्यापाशी गेली. "लगाम तू ओढतोयस. मला दिसतंय. बिचाऱ्या घोड्याला कशाला शिव्या खायला लावतोस?"

"काय करू? जाववत नाही गं..."

तिनं त्याच्या हातातला लगाम सैल केला. "मग सिनेमापुरता जा. टेकडी ओलांड, आणि..."

"आणि?"

"वळसा घालून ये की, ठोंब्या! सगळं मीच सांगू?"

या खेपेस घोडा सुतासारखा सरळ गेला. टेकडीपलीकडे दिसेनासा झाला. टाळ्या पडल्या, ट्रक भरले, धूळ उडवत निघूनही गेले. आर्डिस दारातच उभी. तो येईना. आला नाहीच तर? तिचे डोळे भरून आले – तेवढ्यात मागून घोडा फुरफुरला.

"वळसा मोठा होता," रूबेन धापा टाकत म्हणाला. "पण खोगीर इथेच उतरवणार आहे. चालेल?"

वसंतात सिनेमा गावात लागला. शेवटच्या प्रसंगाला सारं थिएटर मुसमुसत होतं. झेल्मा मावशीनं तर हंबरडाच फोडला, "गेला गं मेला! आता कसला परत येतोय!"

शेजारच्या खुर्चीवरून जावयानं हळूच रुमाल पुढे केला.

"आलो की, मावशी."