फोटोमागचा माणूस

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते फक्त कपाळापासून डोळ्यांपर्यंत. आमच्या काकडीच्या पॅकहाऊसमध्ये सगळ्यांच्याच तोंडाला मास्क असतो. पण याच्या डोक्यावर टोपी नव्हती. धुण्याच्या हौदावर फवारे सुरू होते, बारीक तुषार उडत होते, आणि हा खुशाल त्यात उभा राहून काकड्यांचा फोटो काढत होता.

फोटो! माझं डोकंच फिरलं. हाताशी कागदी टोपी होती, तीच मी त्याच्या अंगावर फेकली.

"कोण तुम्ही? आत कुणी सोडलं?"

त्यानं शांतपणे टोपी उचलली. "आधी टोपी घालू, की आधी ओळख सांगू?"

"आधी फोटो पुसा. आणि ती टोपी नको, जमिनीवर पडलीय. नवी घ्या."

त्यानं फोटो पुसला, नवी टोपी घातली, मग खिशातून कार्ड काढलं. परदेशी खरेदीदारानं पाठवलेला तपासनीस होता तो! दहा दिवस राहणार होता. मी मालाच्या प्रतवारीची प्रमुख, म्हणजे दहाही दिवस तो माझ्याच गळ्यात.

माझा राग उगाच नव्हता. पाच आठवड्यांपूर्वी परदेशात एक फोटो फिरला होता. सडलेल्या काकड्यांचा ढीग, शेजारी आमच्या आत्याच्या पॅकहाऊसचा शिक्का असलेला क्रेट, आणि वर ओळ — 'हे तुमच्या ताटात येतंय.' ढीग आमचाच होता, पण तो नाकारलेला माल होता, मागच्या खड्ड्यात पुरायला काढलेला. हे ऐकतंय कोण? प्रयोगशाळेचे अहवाल स्वच्छ आले. खरेदीदार फोनवर गोड बोलायचे, "आमचा विश्वास आहे हो, पण गिऱ्हाईक हातच लावत नाही." तिकडच्या दुकानांत पाट्या लागल्या, 'आमची काकडी तिथली नाही.' आठवड्याला सहा कंटेनर जायचे, ते एकावर आले. आमचंच नाही, ज्यांचा त्या ढिगाशी काडीचा संबंध नव्हता त्या शेजाऱ्यांचीही काकडी पडून राहिली. साठ बायकांना आत्या आता दिवसाआड कामावर बोलवत होती.

आणि फोटो काढला कुणी, ते कळत नव्हतं. ड्रायव्हर फोरमनकडे संशयानं बघे, फोरमन माझ्या चुलतभावाकडे. डबा खाताना बायका एकमेकींकडे पाठ करून बसायला लागल्या होत्या.

अशात हा माणूस... प्रतवारीच्या पट्ट्यापाशी माझ्या शेजारी उभा राहायचा आणि नको ते विचारायचा.

"नाकारलेला माल कोण मोजतं?"

"मी."

"त्याची नोंद रोज होते?"

"रोज. तुम्हाला माल बघायचाय की आमची चूक काढायचीय?"

"सध्या तरी तुमचे हात बघतोय," तो म्हणाला. "काकडी न बघताच बाजूला काढता. कसं कळतं?"

"वाकडी असली की हाताला कळतं."

"आणि माणूस?"

"माणसाला वेळ लागतो," मी म्हटलं, आणि मास्कच्या आत हसले. त्याला ते दिसायला नको होतं, पण त्याचे डोळे लगेच बारीक झाले. मेल्याला कळलं होतं!

घरी मी आत्याला म्हटलं, "तसा बरा आहे गं."

"बरा आहे म्हणून तर भीती वाटते," आत्या म्हणाली. "आणि डोळे ओळखीचे वाटतात मला... कुठे पाहिलेत आठवत नाही."

त्या वाक्यानं मला झोपू दिलं नाही.

आठव्या दिवशी तो म्हणाला, "खड्डा बघायचाय." मी म्हटलं, "चला," आणि मुद्दामच दोन पावलं मागे राहिले. शीतगृहाच्या मागचं, खड्ड्याकडे जाणारं दार भिंतीच्याच रंगाचं आहे. नव्या माणसाला ते दिसतच नाही. हा सरळ तिथे गेला. एवढंच नाही, त्यानं कडी आधी वर उचलली, मग ओढली. ती अडकते, हे आम्हा घरच्यांनाच माहीत होतं.



"तू आधी आलायस इथे." रागाच्या भरात मी त्याला पहिल्यांदा 'तू' म्हटलं.

तो वळला. त्यानं मास्क खाली ओढला. "गेल्या हंगामात. एकच दिवस. तुम्ही रजेवर होतात."

"फोटो तूच काढलास."

"...हो."

"का?"

"अहवालासाठी. खाली लिहिलं होतं, 'नाकारलेला माल वेगळा ठेवतात, व्यवस्था उत्तम.' आमच्या ऑफिसातून कुणीतरी तो फोटो बाहेर दिला, खालची ओळ कापून. मी विचारलं तर गप्प बस म्हणाले. फेरतपासणी निघाली तेव्हा मी मागून घेतली. वाटलं, तुमच्या नोंदी मिळाल्या की पुराव्यानिशी बोलता येईल."

"आणि आम्हाला आठ दिवस काहीच सांगितलं नाहीस?"

"पहिल्या दिवशी सांगणारच होतो... तुम्ही टोपी फेकलीत. मग दुसऱ्या दिवशी तुम्ही हसलात. त्यानंतर सांगायचं धाडसच होईना."

मला रडू येत होतं आणि ते त्याला दाखवायचं नव्हतं. "मला काही सांगू नकोस. आत चल. ज्यांचं काम गेलंय त्यांना सांग."

तो आला. पट्टा थांबवून, बायकांसमोर उभा राहून त्यानं सगळं सांगितलं. आत्या म्हणाली, "तोंड उघडायला इतके आठवडे लागले?"

"लागले," तो म्हणाला. "चुकलं माझं."

त्याच दुपारी खड्ड्यापाशी उभं राहून त्यानं व्हिडिओ केला. स्वतःच्या तोंडानं, पूर्ण फोटो आणि आमच्या नोंदी दाखवून. दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी गेली. मी निरोपही घेतला नाही.

खरं सांगायचं तर व्हिडिओ फार थोड्या लोकांनी पाहिला. खोट्याला पाय फुटले होते, खरं आपलं लंगडत होतं. तरी महिन्यानं एका दुकानसाखळीनं माल परत घेतला, मग दुसरीनं. कंटेनर चारवर आले. सहा अजून नाहीत. बायका मात्र पुन्हा रोज येऊ लागल्या, समोरासमोर बसून डबे खाऊ लागल्या.

त्याला शहरातल्या प्रयोगशाळेत काम मिळालं. आमचे नमुने तिथेच जातात. दर आठवड्याला ते मीच नेऊ लागले.

"ड्रायव्हर आहे ना त्यासाठी?" आत्यानं विचारलं.

"ड्रायव्हरवर माझा विश्वास नाही."



परवा त्यानं नमुन्यांची पेटी घेतली आणि पावती द्यायचं सोडून तसाच उभा राहिला. खिडकीबाहेर पाऊस भुरभुरत होता.

"तू दर वेळी स्वतः येतेस... मी काही समजू का?"

"काय समजायचं ते समज."

"माझं तर केव्हाच ठरलंय," तो म्हणाला. "पण तुला अजून संशय आहे माझ्यावर?"

"आहे. थोडा."

"मग?"

मी पेटीवरचा त्याचा हात धरला.

"मग जवळच राहा. लक्ष ठेवायला बरं पडेल."