डाव्या खांद्यावरची थाप

दादाच्या गॅरेजला कुलूप लावायचं आणि त्याची मोटारसायकल घरी आणायची, काम एवढंच होतं. "अंधार पडायच्या आत ये गं," आई म्हणाली होती. धाकटीनं हेल्मेट घेतलं आणि निघाली.

गाडी तिला दादानंच शिकवलेली. स्वतः मागे बसायचा. "माकडे, उजवीकडे वळायचंय ना? मग उजवं हँडल हलकंच पुढे ढकल, गाडी आपोआप झुकते. आणि नजर जिकडे, गाडी तिकडे. खड्डा बघत बसलीस तर खड्ड्यातच जाशील." वळण आलं की त्या बाजूच्या खांद्यावर थाप मारायचा. बोटं कायम ऑइलनं काळी. शर्ट खराब केले म्हणून ती त्याच्याशी कडाकडा भांडायची. आता तेच शर्ट ती धुवायला टाकत नव्हती.

असा वळणांत मुरलेला माणूस, पण महिन्यापूर्वी गिऱ्हाइकाची गाडी पोचवायला निघाला आणि टेकडीच्या शेवटच्या वळणावर सरळ दरीत गेला. कसा, ते देव जाणे.

गॅरेजला कुलूप लावून त्याच्या गाडीवरून परतताना टेकडी लागली तेव्हा उजेड विझत आला होता. पहिलं वळण उजवं. उजव्या खांद्यावर थाप पडली.

भीती कसली, तिला रडूच कोसळलं. पाठीशी ऑइलचा वास, ओळखीचं वजन... मग डावं वळण, डाव्या खांद्यावर थाप. हा रस्ता संपूच नये असं तिला वाटलं.

शेवटचं वळण उजवं होतं. डावीकडे दरी.

थाप डाव्या खांद्यावर पडली.

"दादा... उजवं आहे हे..."

पुन्हा डावीकडेच. घाईची, लहान मूल पदर ओढतं तशी. तिची नजर तिकडे वळायला लागली, आणि नजरेमागून चाक.

"नको रे... मी आले तर आई एकटी पडेल..."

थाप थांबली. मागचं वजन उतरलं. तिनं उजवं हँडल ढकललं आणि गाडी वळली.

घरी पोचली तर आई तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, कठड्याला डावी कूस टेकून खाली बघत उभी होती.

"आई... आत चल ना."

"थांब गं. मघापासून कुणीतरी बोलावतंय असं वाटतंय."

आई जन्मात कधी मोटारसायकलवर बसली नव्हती. पण तिच्या धुतलेल्या शालीवर, डाव्या खांद्यापाशी, चार काळी बोटं उमटली होती. ऑइल अजून ओलं होतं.