रिकाम्या फिल्टरचा काटा

दोष मोठ्या काकांचा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण ते स्वतः कधीच सांगणार नाहीत. रात्री लाइट गेली, पोरं गच्चीवर जमली, की ही गोष्ट ते 'माझ्या ओळखीच्या एका फोरमनची' म्हणून सांगतात. तो ओळखीचा फोरमन म्हणजे तेच. घरातल्या सगळ्या मोठ्यांना हे माहीत आहे आणि सगळे माना डोलावत ऐकतात. मी डिप्लोमा तिसऱ्या सेमिस्टरला सोडला, म्हणून या घरात मी वाया गेलेला. काका मात्र अजून मानाच्या मधल्या खुर्चीत बसतात.

तर ते सांगतात तशीच सांगतो. 'फोरमन' हा शब्दही राहू देतो.

"शनिवार होता," काका सुरुवात करतात. "कारखाना वर्षातून आठवडाभर बंद ठेवतात, त्यातली पहिली रात्र. नऊ वाजून वीस मिनिटं. फोरमन बगलेत पुठ्ठ्याचा खोका घेऊन घरातून निघाला. बायकोला म्हणाला, तासाभरात येतो, ताट झाकून ठेव."

"खोक्यात काय होतं?" धाकटी चुलत बहीण विचारते. दर वेळी विचारते.

"फिल्टरचं एलिमेंट."

"पाण्याच्या?"

"अगं, हवेच्या. कॉम्प्रेसर हवा दाबतो ना, तेव्हा त्याचं तेल हवेत मिसळतं. धुक्यासारखं, डोळ्याला दिसत नाही असं. फिल्टरच्या भांड्यात हाताएवढं नळकांडं बसवलेलं असतं, ते एलिमेंट. हवा त्याच्यातून पाझरताना तेलाचे कण एकमेकांना चिकटतात, थेंब होतात, थेंब खाली भांड्यात पडतात. स्वच्छ हवा पुढे जाते."

"पुढे कुठे?"

"मशिनांना," काका म्हणतात. मग थांबतात. "आणि एका माणसाला."

तो माणूस ब्लास्टर. लोखंडी सांगाड्यांवर बारीक खडीचा मारा करून गंज उडवायचा. त्या खोलीत एवढी धूळ, की डोक्यावर बंद टोप घालावा लागतो, मागून टोपाला नळी, आणि नळीतून येईल तोच श्वास. आठ तासांची शिफ्ट, आठ तास तीच हवा.

इथून पुढचं काका गुळमुळीत सांगतात. मी स्पष्ट सांगतो. तो फिल्टर फोरमननेच निवडला होता, आणि निवडताना पाइपाची जाडी बघितली, पाइपातून हवा किती जाणार ते बघितलंच नाही. फिल्टर लहान पडला. एलिमेंट भराभर तुंबायचं. फिल्टरच्या डोक्यावर एक गेज असतं, आत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेच्या दाबातला फरक दाखवतं. त्याचा काटा लाल पट्ट्यात जाऊन बसला. हवेच्या लाइनच्या टोकाला दाब पोचेना. मॅनेजर रोज येऊन आरडाओरडा करायचा. नवीन एलिमेंट यायला सहा आठवडे होते.

मग एका जेवणाच्या सुट्टीत फोरमनने भांडं खोललं, काळं पडलेलं एलिमेंट भंगारात टाकलं आणि भांडं रिकामंच परत बसवलं.

काटा टुणकन हिरव्यात आला. येणारच. आत हवेला अडवायलाच काही नाही, तर फरक कसला दाखवणार? रिकाम्या फिल्टरचा काटा सगळ्यात हिरवा असतो. मॅनेजरने पाठ थोपटली. पुढे नवीन एलिमेंट आलं, तर फोरमनने ते घरी नेऊन आपल्या कपाटात ठेवून दिलं. बसवलं असतं तर दाब पुन्हा पडला असता आणि फिल्टर निवडताना कोणी माती खाल्ली ते सगळ्यांना कळलं असतं.

असे सात महिने.

ब्लास्टर आला होता सांगायला. तीनदा आला.

"साहेब, हवेला तेलाचा वास मारतोय."

"काटा कुठाय?"

"हिरव्यात."

"मग? काटा खोटा, की तुझं नाक?"

आजूबाजूचे हसले. दुसऱ्यांदा आला तेव्हा खोकत होता. "साहेब, एकदा उघडून तरी बघा."

"तू टोपाचं बघ, मी फिल्टरचं बघतो. मला शिकवायला लागलाय!"

तिसऱ्यांदा त्याने तक्रार केलीच नाही. दारात उभा राहून एवढंच म्हणाला, "एक शिफ्ट तुम्ही घाला टोप, साहेब. एकच."

त्यानंतर पावणेदोन महिन्यांत तो गेला. डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसात तेल आहे. फोरमनने कंपनीच्या कागदावर लिहून दिलं, 'सिगारेटी फार ओढायचा.' त्या माणसाने आयुष्यात सिगारेट हातात धरली नव्हती. त्याच्या बायकोने तो कागद वाचला आणि विचारलं, "हे कोणी लिहिलं?" हे वाक्य काका गोष्टीत कधी घेत नाहीत. मला काकूने सांगितलंय.

आता सोमवारी, कारखाना बंद असतानाच, गिऱ्हाईक कंपनीचा तपासनीस येणार होता. तो प्रत्येक फिल्टर उघडून बघतो. म्हणून शनिवारी रात्री फोरमन एकटाच खोका घेऊन चालला. मेलेल्याला वाईट वाटलं म्हणून नव्हे, स्वतःची कातडी वाचवायला.

वॉचमनने गेट उघडलं. "एवढ्या रात्री, साहेब?"

"पाच मिनिटांचं काम आहे."

कॉम्प्रेसरच्या खोलीत एक ट्यूब जळत होती. मशीन थंड. मेन स्विच बंद होता, तरी नियमाप्रमाणे फोरमनने त्याला स्वतःचं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. लाइनमधली उरलीसुरली हवा सोडून दिली. सगळे काटे शून्यावर. फिल्टरचाही, हिरव्यात.

त्याने भांड्याला पाना लावला.

आणि आवाज आला.

भिंतीपलीकडून. ब्लास्टिंगच्या खोलीतून. हवा सुटल्यासारखा... स्स्स... मग बंद. मग पुन्हा.

"उंदीर," छोटा पुतण्या म्हणतो.

"उंदीर श्वास घेतो का रे एवढा मोठा?" काका म्हणतात. कोणी हसत नाही.

फोरमनने वर बघितलं. गेजचा काटा हलत होता. लाइन रिकामी, मशीनला कुलूप, फिल्टरमध्ये काही नाही... आणि काटा हलत होता. थोडा वर. थोडा खाली. त्याला कळायला वेळ लागला. तो श्वास घेत होता तेव्हा काटा चढत होता.

त्याने श्वास रोखला.

काटा थांबला.

त्याने श्वास घेतला. काटा चढला, आणि या वेळी खाली आला नाही. छातीत काहीतरी अडलं. जाड. ओलं. पुन्हा घेतला. काटा आणखी वर. हिरवा संपला. अर्धाच श्वास आला. मग पाव.

त्याने काटा बघितला... लाल.

हवा येईना.

इथे काका थांबतात. पोरांना वाटतं, भीती घालायला थांबले. ते श्वासासाठी थांबतात. गोष्ट इथवर आली, की एका दमात त्यांना पाच शब्दांवर बोलता येत नाही.

"मग?" धाकटी कुजबुजते.

"बाहेर पळाला... गेटकडे... पाय चालेनात. खाली पडला. सगळीकडे हवा... आणि आत एक घोट जाईना. फक्त एका ठिकाणी..."

"कुठे?"

"ऐकू येत होतं त्याला... स्स्स..."

तो रांगत गेला. ब्लास्टिंगची खोली उघडी होती. अंधार. खिळ्याला टोप लटकत होता. नळी लाइनला जोडलेली. टोपातून हवा येत होती. थंड. भरपूर.

फोरमनने स्वतःच्या हाताने टोप घातला.

श्वास आला.

तेलाचा वास आला.

त्याने टोप काढला. श्वास बंद. घातला. तेल. काढला... घातला. मग मागे मानेजवळ काहीतरी हललं. बोटं. सावकाश, सवयीची. पट्टा ओढला गेला. बक्कल लागलं.

कानाशी कोणीतरी म्हणालं, "एकच शिफ्ट, साहेब."

दहा वाजले होते.

सकाळी सहाला वॉचमनला तो सापडला. खोलीच्या मधोमध, सरळ उभा, टोप घातलेला. पट्ट्याचं बक्कल मागून लावलेलं. स्वतःचं स्वतःला तिथे लावता येत नाही, ब्लास्टर लोक एकमेकांचं लावतात. मेन स्विचवर कुलूप तसंच. किल्ली फोरमनच्या खिशात. दहा ते सहा. पूर्ण आठ तास.

डॉक्टरांनी त्याच्या छातीतून तेल काढलं. विचारलं, किती वर्षं ब्लास्टिंग करताय? काकू म्हणाली, "यांनी एक दिवस केलं नाही हो."

इथे काकांची गोष्ट संपते. पोरं एकमेकांना चिकटतात, मोठे म्हणतात, चला झोपा आता. कोणी म्हणत नाही, की त्या ब्लास्टरच्या बायकोची जाऊन माफी मागा. मी एकदा जेवताना म्हटलं. वडील म्हणाले, "तू आधी तुझं शिक्षण पूर्ण कर." वा. काकांचं शिक्षण पूर्णच आहे.

फिल्टरवरचं ते गेज कारखान्याने काढून टाकलं, कारण नवा, मोठा फिल्टर बसवून कोरं एलिमेंट घातलं तरी त्याचा काटा लालच राहायचा. काकांनी ते घरी आणलं. का, ते सांगत नाहीत. त्यांच्या औषधांच्या खणात असतं. मी उचलून बघितलंय. कशालाच जोडलेलं नाही. दोन्ही तोंडं उघडी. मी तीन सेमिस्टर शिकलोय, तेवढ्यात एक गोष्ट नक्की कळते: दोन्ही तोंडं उघडी असलेल्या गेजचा काटा शून्यावर बसतो.

तो लालमध्ये आहे. हलवला, उलटा केला, आपटला. लालमध्येच आहे.

काकांचं उजवं फुप्फुस गेलं. डावं अर्धं चालतं. वय चौपन्न.