चढावर पडणारा काटा

या, असे जवळ सरकून बसा. माझा साडू डिझेल गाड्यांचा मिस्त्री आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दिवसभरात चार वाक्यं बोलला तर खूप, म्हणून घरात सगळे त्याला बडबड्या म्हणतात. ही गोष्ट त्याने मला एकदाच सांगितली. पुन्हा विषय काढू दिला नाही.

गेल्या वर्षीचा जानेवारी, दुसरा शुक्रवार. दुपारी एक पाववाला आपला पिकअप घेऊन बडबड्याच्या गॅरेजवर आला. पंचविशीचा पोरगा. रात्री बेकरीतून माल उचलायचा आणि उजाडायच्या आत डोंगरापलीकडच्या दुकानांत पोचवायचा, हा त्याचा धंदा.

"मिस्त्री, सपाटीला गाडी नुसती पळते. पण रात्री चढाला लागली की दम सोडते. परवा बंद पडून मागे घरंगळली. शेजारी बायको होती, सातवा महिना चालू आहे तिला. आता ती म्हणते, एक तर ही गाडी ठेवा, नाहीतर मला."

"बायको शहाणी आहे," बडबड्या म्हणाला. दिवसाचं निम्मं बोलणं तिथेच संपलं.

चढाला दम सोडते म्हणजे इंजिनाला डिझेल पुरत नाही, एवढं उघड होतं. त्याने फिल्टर बदलला. टाकी उतरवून आतली जाळी धुतली. पंप तपासला. लायनीला प्रेशरचं मीटर जोडून इंजिन चांगलं ताणून पाहिलं. काटा जागचा हलेना. सगळं ठणठणीत! म्हणजे दोष चढावरच पकडायला हवा होता. मग टाकी आणि फिल्टरच्या मध्ये त्याने एक पारदर्शक नळी घातली. कुठून हवा शिरत असेल तर बुडबुडे दिसतील, हा हिशेब. मीटर लांब पाइपने काचेसमोर आणून बांधलं आणि रात्री साडेदहाला दोघे निघाले.

पाववाला चालवत होता. बडबड्याची नजर काट्यावर. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, काटा खुंटीसारखा उभा. पोरालाच गिअर नीट टाकता येत नसावा, असं बडबड्याच्या मनात आलं.

तिसऱ्या वळणावर काटा थरथरला. मग पडू लागला.

"दाब ना."

"दाबलाय, मिस्त्री. पार खाली दाबलाय."

काटा शून्यावर आला. इंजिन बंद.

बडबड्याने हँडब्रेक ओढला, किल्ली काढून खिशात टाकली. मागच्या चाकांना दगड लावले. बॅटरी पेटवून गाडीखाली सरकला.

नळीतलं डिझेल मागे चाललं होतं. टाकीकडे. हवा शिरली की डिझेल मागे उतरतं, त्यात नवल नाही. पण बुडबुडा एकही नव्हता. आणि त्याच्या डोळ्यांदेखत नळी चपटी झाली. मग सैल झाली. पुन्हा चपटी...

इंजिन बंद. पंप बंद. किल्ली खिशात.

"ओढतंय कोण?" तो पुटपुटला.

वर केबिनमधून पाववाल्याचा आवाज आला. अगदी हळू.

"मिस्त्री... एक सांगायचं राहिलं. गाडी माझ्या दादाची. याच वळणावर कुणाचं तरी डिझेल संपलं होतं. दादा थांबला. त्याला द्यायला या टाकीत पाइप घालून तोंडाने ओढायला गेला. डिझेल छातीत उतरलं त्याच्या. सकाळपर्यंत खोकत होता... मग थांबला."

बडबड्याने बॅटरी टाकीकडे वळवली.

टाकीतून आवाज आला. खोकल्याचा. ओला.

तो कसाबसा बाहेर आला. टाकीच्या तोंडावर बॅटरी मारली. झाकण फिरत होतं. सावकाश. त्याने तळहात ठेवून सगळं अंग त्यावर टाकलं. आतून कुणीतरी रेटलं. एकदा. पुन्हा एकदा. जोरात.

पाववाला धावत आला, टाकीपाशी गुडघ्यावर बसला. रडत होता.

"दादा, पुरे रे... मी आहे. चल. घरी चल."

रेटणं थांबलं.

बडबड्याने झाकण घट्ट आवळलं, चाकांमागचे दगड काढले. मग पोराला किल्ली दिली. गाडी पहिल्या झटक्याला चालू झाली. काटा वर. वळवून खाली आले, तोवर तो तसूभरही हलला नाही. गॅरेजशी बडबड्या उतरला. "दादाच होता हो," पाववाला डोळे पुसत म्हणाला. "आता त्याचं समाधान झालं." आणि गाडी घेऊन घरी गेला.

सकाळी बडबड्या ती नळी काढायला त्याच्याकडे गेला. गाडी दाराशीच उभी होती. आत बायको झोपलेली. दोघांनी टाकीचं झाकण उघडलं, उलटं करून उन्हात धरलं.

आतल्या रबरी वायसरवर दात उमटले होते. वरची ओळ, खालची ओळ. खोल. ओले.

बडबड्याने पोराच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "दादाच."

पाववाला झाकणाकडे बघत राहिला. मग त्याने मान वळवून घराच्या दाराकडे पाहिलं.

"मिस्त्री," तो म्हणाला, "दादाला पुढचे दातच नव्हते."