यादीतलं चाळीसावं नाव

हूफडॉर्प स्टेशनच्या सायकलतळात मी शिरले, तेव्हा एक मुलगा माझ्या सायकलीचं कुलूप उघडायला बघत होता.

चोर काही वाटला नाही. चोर इतका वेळ घेत नाहीत... आणि कुलपाशी बोलत तर मुळीच नाहीत. हा बोलत होता. हळू, समजुतीच्या सुरात, आणि चक्क मराठीत. "उघड ना रे बाबा. पहिल्याच दिवशी उशीर करून राहिला तू."

मी मागे उभी राहून म्हटलं, "ते उघडणार नाही. ते माझं आहे."

तो वळला. चष्म्यावर पावसाचे थेंब, कानांच्या पाळ्या लाल. त्याने आधी किल्लीकडे पाहिलं, मग सायकलीकडे, मग माझ्याकडे. त्याची सायकल तिथून तिसरी होती— तशीच काळी, तशीच जुनी. त्याने माझी माफी मराठीत मागितली, मग इंग्रजीत आणि शेवटी मोडक्यातोडक्या डचमध्ये. एकदा पुरे, असं मी म्हटलं आणि निघाले. वळून मात्र एकदा पाहिलं. तोही पाहत होता.

अर्ध्या तासाने तो आमच्या रेडिओ केंद्राच्या मीटिंगच्या खोलीत माझ्यासमोर येऊन बसला. मॅनेजमेंटच्या बाजूने.

रेडिओ झिल्फरमेव हे आमचं केंद्र फार मोठं नाही. विमानतळाच्या परिसरातली वाहतूक, हवामान, बातम्या, गाणी. सगळे मिळून एकेचाळीस माणसं. मी तिथे ध्वनितंत्रज्ञ. सांगलीहून शिकायला आले, डच शिकले, नीउ-व्हेनेपला खोली घेतली आणि राहिले. आमच्याकडे तोवर सेआओ नव्हता, म्हणजे पगार, सुट्ट्या, कामाचे तास सगळ्यांसाठी एकदम ठरवणारा सामूहिक करार. युनियनने वर्षभर धोशा लावल्यावर मॅनेजमेंट बोलणी करायला तयार झालं, पण एका अटीवर. आधी ठरवा, युनियन नक्की कोणाच्या वतीने बोलणार? जो दुसऱ्यांवर अधिकार चालवतो तो बाहेर. ज्याच्या हाती सगळ्यांची गोपनीय माहिती तोही बाहेर. बाकीचे आत.

ऐकायला सोपं. करायला दोन माणसं नेमली. युनियनकडून मी. आणि मॅनेजमेंटकडून अश्वजित गजभिये, एचआरमध्ये त्याच दिवशी रुजू झालेला. नवा, म्हणून ना कोणाचा मित्र, ना कोणाचा शत्रू... असं आमच्या संचालिका मार्लूसचं गणित होतं.

रोज दोन-तीन माणसांशी आम्ही बोलायचो. सकाळी आल्यापासून काय करता, कोणाला विचारून करता, तुम्ही नाही म्हटलं तर कोण ऐकतं? मग दोघं जाऊन कँटीनच्या कोपऱ्यात भांडायचो. भांडण मराठीत, नोंद इंग्रजीत. एक निवेदक कागदोपत्री फ्रीलान्स होता, पण गेली सात वर्षं आठवड्याचे पाच दिवस त्याच खुर्चीत बसत होता. त्याच्यावरून आम्ही दोन दिवस वाद घातला. तिसऱ्या दिवशी अश्वजितने येऊन सांगितलं की त्या माणसाच्या ड्युट्या सात वर्षांत एकदाही त्या माणसाने स्वतः ठरवलेल्या नाहीत, हे आपण तपासलंय. "तुम्ही बरोबर होता. आत." असं म्हणून डबा उघडून माझ्यासमोर सरकवला.

"सांबारवडी आहे," तो म्हणाला.

मी वडीत डाळ शोधत बसले. तो हसू दाबत बघत होता. शेवटी म्हणाला, त्यांच्या नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी म्हटलं, मग इडलीबरोबर तुम्ही काय, कोथिंबिरीची जुडी खाता? त्यावर तो इतका मोकळा हसला की पलीकडच्या टेबलावरच्या दोघी वळल्या.

आमचा सगळ्यात जुना तंत्रज्ञ योप. त्याच्या दारावर 'प्रमुख' अशी पाटी, म्हणून मॅनेजमेंट त्याला बाहेर काढायला बघत होतं. अश्वजितने त्याला विचारलं, तुमच्या हाताखाली किती जण? योपने खोलीत सगळीकडे नजर फिरवली आणि गंभीरपणे सांगितलं, दोन होते, पण दुसरी कुंडी मागच्या थंडीत गेली.

आत!

तिसऱ्या आठवड्यात कधीतरी अश्वजित मला 'तू' म्हणाला. चुकून. लगेच थांबला, पुन्हा 'तुम्ही'वर जायला लागला...

"राहू दे," मी म्हटलं.

"काय?"

"तूच राहू दे."

त्याने वहीत खूप काळजीपूर्वक काहीतरी लिहिलं. मी समोरून, उलट्या बाजूने वाचलं. त्याने फक्त तारीख लिहिली होती.

मग त्याचं स्वतःचं नाव आलं. प्रत्येक नावाच्या कागदावर दोन्ही बाजूंची सही लागायची; त्याच्या कागदावर मॅनेजमेंटकडून दुसऱ्या एका बाईने करायची होती, युनियनकडून मी. सगळ्यांचे पगार, आजारपणाच्या रजा, तक्रारी त्याच्या संगणकात होत्या. त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. मी 'बाहेर' लिहिलं आणि सही केली. संध्याकाळी सायकलतळाकडे चालताना विचारलं, वाईट वाटलं का?

नाही, तो म्हणाला, बरोबरच होतं. मग थोडं अंतर गेल्यावर त्याने त्याच्या बाबांविषयी सांगितलं. नागपूरजवळच्या एका कारखान्यात ते बावीस वर्षं कंत्राटी कामगार होते. कायम झालेल्यांची यादी दर दिवाळीला फाटकावर लागायची. बाबा ती यादी वाचायला त्याला बरोबर न्यायचे, कारण त्यांचं वाचन कच्चं होतं. "मी वरून खाली वाचायचो," अश्वजित म्हणाला, "आणि मग खालून वर. कोणीतरी चुकून शेवटी लिहिलं असेल म्हणून." तो हे अगदी साधेपणाने सांगत होता. वारा समोरून येत होता, आणि मला उगाच त्याची बाही धरावीशी वाटली. धरली नाही... पण सायकल काढायला नेहमीपेक्षा बराच वेळ लावला.

त्याच आठवड्यात मॅनेजमेंटच्या वकिलाने चाळीसाव्या नावावर हरकत घेतली. ते नाव माझं होतं.

कारण असं की तंत्रज्ञांचं ड्युटीचं वेळापत्रक दर गुरुवारी मी बनवते. कोणी कधी यायचं हे जी ठरवते ती अधिकारी, आणि अधिकारी युनियनच्या बाजूला बसू शकत नाही. मी बाहेर गेले तर बोलणीही माझ्याशिवाय. ज्यांनी माझ्या भरवशावर युनियनला सह्या दिल्या होत्या ते एकेक करून येऊन विचारायला लागले, आता कसं?

माझ्याबद्दल अर्थातच मी ठरवू शकत नव्हते. माझ्या जागी योप बसला. प्रश्न विचारायचे होते अश्वजितने.

त्या सकाळी त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. वेळापत्रक कसं बनतं, कोण बघतं, असं विचारत गेला. मग म्हणाला, "तू कधी कोणाची रजा नाकारली आहेस?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. पण नाकारली होती, एकदा. वादळाच्या आठवड्यात आमच्यातल्याच एका तंत्रज्ञ मुलीला, टेसला, रजा हवी होती, आणि माणसंच नव्हती. मी तसं सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं. माझ्या डोळ्यांसमोर, शब्दन् शब्द. योपने खुर्चीत चुळबुळ केली.

"मग पुढे काय झालं?" अश्वजितने विचारलं.

टेस कार्यक्रमप्रमुखाकडे गेली, त्याने रजा दिली, आणि तिच्या जागी मी उभी राहिले. अश्वजितने तेही लिहिलं. आणि वर्षभराची सगळी वेळापत्रकं मागून घेतली.

बाहेर आल्यावर मी योपला म्हटलं, संपलं. योपने मान हलवली. तो म्हणाला की तीस वर्षं काचेपलीकडून तो माणसांचे चेहरे बघत आलाय. जो माणूस इतके कष्ट घेऊन एखादीकडे बघायचं टाळतो, त्याला कागदापेक्षा दुसरीच अडचण असते.

शुक्रवारी दुपारी मी स्टुडिओत होते. वाहतुकीच्या बातम्या संपत आल्या होत्या आणि पुढचं गाणं मला प्रसारणात सोडायचं होतं. तेवढ्यात बाजूच्या पडद्यावर पत्र आलं. मार्लूसला, युनियनच्या सचिवांना, योपला, मला. अश्वजितचं, त्याच्या नव्या, जपून लिहिलेल्या डचमध्ये:

'यादीतील क्रमांक चाळीस, गुंजन साबणे, यांच्याबद्दल मी मत देऊ शकत नाही. प्रत्येक कागदाच्या तळाशी एक ओळ आहे: या व्यक्तीशी माझा वैयक्तिक संबंध नाही. तसा संबंध नाही हे खरं आहे. पण तो व्हावा अशी माझी फार इच्छा आहे, आणि म्हणून मी सही करू शकत नाही. वर्षभराची वेळापत्रकं जोडली आहेत. कार्यक्रमप्रमुखांनी त्यात तेवीस ठिकाणी बदल केले आहेत. निर्णय दुसऱ्या कोणीतरी घ्यावा.'

मी ते पुन्हा वाचलं. काचेपलीकडे निवेदिका दोन्ही हात हलवत होती. बातम्या कधीच संपल्या होत्या. अख्ख्या परिसरात चार सेकंद आमच्या केंद्रावरून काहीसुद्धा ऐकू आलं नाही.

मी गाणं सोडलं, पत्र वाचून दारात आलेल्या योपच्या हातात हेडफोन दिले आणि निघाले.

तो बसथांब्यावर होता. बाडहूव्हडॉर्पला, त्याच्या घराकडे जाणारी बस. आदल्याच दिवशी त्याची सायकल पंक्चर झाली होती. तिरपा पाऊस थांब्याच्या आत येत होता आणि तो बॅग छातीशी धरून उभा होता. मला बघून सरळ झाला.

"सगळ्यांना कळलं," मी म्हटलं. "माझ्याबद्दलची गोष्ट, आणि मला चौघांच्या रांगेत कळली."

"चुकलं," तो म्हणाला. "पण आधी तुला विचारलं असतं आणि तू हो म्हणाली असतीस, तर माझ्या मताला काय अर्थ होता? आणि नाही म्हणाली असतीस तर..." तो थांबला. "तरी नसताच. तू खरी उत्तरं दिलीस, गुंजन. त्याखाली खोटी सही कशी करायची?"

"नोकरी?"

"मार्लूसचा आत्ताच फोन येऊन गेला. म्हणाली, असं कारण तिने आजवर वाचलं नव्हतं. मग विचारलं, त्या मुलीला माहीत आहे का?"

"तू काय सांगितलंस?"

"आता झालं असेल, म्हटलं."

मला हसू यायला लागलं होतं आणि ते मला अजून द्यायचं नव्हतं. मी पावसाकडे बघत म्हटलं, "मंगळवारी मी तुझ्या कागदावर सही केली. त्याच ओळीखाली. वैयक्तिक संबंध नाही म्हणून."

"हो. बघितली मी."

"ती खोटी होती."

त्याने चष्मा काढला. तो पुसायला त्याच्याकडे कोरडं असं काहीच नव्हतं, म्हणून नुसताच हातात धरून राहिला. बस आली. दार उघडलं, चालकाने वाट पाहिली, मग आमच्याकडे पाहिलं, आणि दार मिटून गेला.

"तुझी बस," मी म्हटलं.

"दर दहा मिनिटांनी आहे."

मी त्याची ओली बाही धरली. या वेळी खरंच.

सोमवारी मी युनियनला लिहून अश्वजितच्या कागदावरची माझी सही मागे घेतली. सचिव फोनवर आधी रागावले, मग त्यांना हसू आवरेना, मग पुन्हा रागावले. आमचे दोघांचेही कागद उत्रेख्तहून आलेल्या एका त्रयस्थ बाईंकडे गेले. पांढरे केस, दोरीला बांधलेला चष्मा. त्यांनी योपला, टेसला, कार्यक्रमप्रमुखाला आणि आम्हाला वेगवेगळं बोलावलं. आमच्या प्रेमाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही, वेळापत्रकाबद्दल मात्र तासभर. दहा दिवसांनी निर्णय आला. वेळापत्रक बनवणं हे काम आहे, अधिकार नव्हे. मी आत. अश्वजित बाहेर. बोलणी जानेवारीत सुरू होणार होती.

त्या दिवशी कँटीनमध्ये सगळे मला मिठ्या मारत होते. तो लांब खिडकीशी चहा घेऊन उभा होता. त्याने तिथे येणं बरं दिसलं नसतं, म्हणून मीच गेले.

"रविवारी आई येते आहे," तो म्हणाला. "नागपूरहून. सकाळचं विमान आहे. मी तिला आणायला जाणार... तू येशील?"

मी विचारलं, मी कोण म्हणून सांगणार आहेस. त्याला समजलं, मी कशाला घाबरतेय ते. माझ्या घरी सांगलीला पहिला प्रश्न त्याच्या आडनावाचा येणार होता, हेही आम्हाला दोघांना ठाऊक होतं. मीच ते बोलून टाकलं. म्हटलं, ते मी बघेन, माझ्या आईशी मी बोलणार आहे, आणि सोपं जाणार नाही. पण मी बोलणार आहे.

त्याने मान डोलावली.

"माझ्या आईला मी एवढंच सांगेन," तो म्हणाला, "की ही गुंजन. बाकीचं तिला दिसेल."

"किती वाजता उतरतंय विमान?"

"सातला."

"मग मी साडेसहाला येते," मी म्हटलं.