रोजची एक वाटी

दुपारच्या सामसुमीत दाराची कडी वाजली. पाच वर्षांची रुपा नुकतीच झोपली होती. प्रतिक्षाने शिलाई मशीन थांबवून दार उघडलं. शेजारच्या खोलीत नव्याने राहायला आलेला वीरेंद्र हनुवटीला रुमाल दाबून उभा होता. दाढी करताना लागलं होतं, रक्त थांबत नव्हतं.

"कापूस हाय का जी? रक्त पातळ करायची गोळी सुरू हाय... म्हणून."

कापूस दाबून धरत त्याने सांगितलं. वरठीच्या कारखान्यात नोकरी, बत्तिसाव्या वर्षी अटॅक आणि नंतर हृदयात धरलेली रक्ताची गाठ. ती विरेपर्यंत गोळी घ्यायची, दर आठवड्याला भंडाऱ्याला रक्त तपासायचं. हे तो हसत हसत सांगत होता. तीन वर्षांपूर्वी प्रतिक्षाचा नवराही असाच हसत ड्युटीवर गेला होता — परतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने डबा दिला. लाखनीहून, माहेरच्या धानाच्या बांधीतून, लाखोळीची कोवळी पालेभाजी यायची. हिरवं खाल्लं की अंगी लागेल, म्हणून रोज भरपूर जाऊ लागली. रिकामा डबा द्यायला तो यायचा... आणि दारातच रेंगाळायचा.

तिसऱ्या आठवड्यात तो रिपोर्ट घेऊन आला. गोळीचा असर उतरला होता, रक्त पुन्हा घट्ट होत होतं. पालेभाजी एकदम वाढवली की असं होतं, हे डॉक्टरांनी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. गाठीचा तुकडा सुटून मेंदूत गेला असता तर... प्रतिक्षाने रिपोर्ट हातात घेतला.

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं त डबा बंद झाला असता."

"जीव गेला असता तुमचा. मी काय दुसऱ्यांदा..."

तो ओशाळला. चुकलंच, म्हणाला. मग डॉक्टरांचं म्हणणं हळूच सांगितलं — भाजी चालेल, पण कमीजास्त नको. रोज एक वाटी, सारखीच असेल, तर गोळीचं प्रमाण तसं बसवता येतं.

"आता तुमीच ठरवा. एक त आजपासून बंद... नाही त रोज. मधातच सोडलेलं मले नाही चालणार, प्रतिक्षा."

पहिल्यांदाच त्याने नाव घेतलं होतं. तिने रिपोर्टची घडी करून तो त्याला परत दिला.

"आईले सांगतो," ती म्हणाली, "लाखोळी वाळवून ठेवाले. वर्षभर पुरते."

तो हसला — आणि मग कामाची वेळ झाली म्हणून निघाला.

दार लावून ती वळली, तर रुपा अंथरुणात उठून बसली होती.

"आई, काका बाबासारखे जाणार त नाही ना?"