जोडीतला दुसरा कावळा

बस. कॉफी घे. चावी टेबलावरच राहू दे, गाडी काही पळून जात नाही. आणि तो खिडकीतला दिवा चालूच ठेव. मी मध्येच विचारेन, दिवा गेला का म्हणून. तेव्हा खरं सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून काहीबाही ठोकून देऊ नकोस.

उद्यापासून शाळेची फेरी तुझी. इतकी वर्षं बर्फात गाडी चालवून एक ओरखडा येऊ दिला नाही, त्या इल्वानं एकदम चाव्या का टाकल्या, म्हणून गावभर कुजबुज चाललीय. कुणी म्हणतं, बाई दारू प्यायला लागली. म्हणू देत मेले. तू मात्र नीट ऐकून घे, कारण ती पोरं उद्या तुझ्या मागे बसणार आहेत.

सुरुवात अगदी साधी. मागच्या डिसेंबरात माझ्या धाकट्या भावाचं, तूरेचं, एक पार्सल किराणा दुकानात येऊन पडलं होतं. "बाबांकडे जाताना उचलून ने, मी थेट तिथंच येतो," असा त्याचा फोन. मी पोरांना घरोघरी सोडलं, पार्सल घेतलं आणि तळ्याकाठच्या घरी गेले. दुपारची कॉफीची वेळ, पण बाहेर काळाकुट्ट अंधार. आपल्या उत्तरेचा डिसेंबर तुला माहीतच आहे, दिवसभर सूर्य नाही.

बाबांचं तेव्हा काही खरं नव्हतं. चूल पेटवून विसरायचे. एकदा तर नुसत्या बनियनवर सरपण आणायला बाहेर पडले आणि परत घर सापडेना. शेजाऱ्यानं बघितलं म्हणून वाचले, नाहीतर सकाळी लाकडासारखे कडक सापडले असते. त्यात वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झालेली. शुक्रवारपर्यंत हो म्हटलं नाही तर ती दुसऱ्या कुणाला जाणार. मी समजावलं, भांडले, रडले. बाबांचं एकच.

"यर्डिसला एकटी टाकून मी कुठेही यायचा नाही."

यर्डिस म्हणजे माझी आई. तिला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. बाबा चुलीजवळच्या तिच्या खुर्चीकडे बघून असं म्हणायचे, आणि मी हात टेकायचे.

तूरेनं पार्सल फोडलं. आत एक काळा खोका. आम्ही लहान असताना घरी जो व्हिडिओ गेम होता, त्याची नव्यानं बनवलेली हुबेहूब नक्कल. जुन्या कॅसेट त्यात चालतात, खेळातली जुनी बंदूकसुद्धा जोडता येते. तूरे हे सगळं असं सांगत होता, जणू त्यानंच तो घडवलाय.

"बाबांना चटक लावतो," तो माझ्या कानात म्हणाला. "मग म्हणायचं, हा तिकडच्या खोलीत लावून देतो. आपोआप येतील बघ."

"म्हातारा आहे रे, लहान पोर नाही."

"अगं, बघ तरी."

माळ्यावरून ती राखाडी प्लास्टिकची बंदूक काढली, कावळ्यांची कॅसेट काढली. बर्चच्या फांदीवर कावळे जोडीनं येऊन बसतात, ते पाडायचे. एवढाच खेळ. पण त्या काळी आईबाबा आम्हाला झोपायला पिटाळून स्वतः खेळत बसायचे! बाबा सावकाश, एक डोळा मिटून, एकच चाप ओढायचे. आई दोनदा. खट्‌, खट्‌. पहिली गोळी नेम धरलेल्या कावळ्याला, दुसरी लगेच त्याच्या शेजारच्याला.

"अगं, त्या दुसऱ्यानं तुझं काय वाकडं केलंय?" बाबा विचारायचे.

"जोडीतला एकटा मागे ठेवू नये," आई म्हणायची. आणि आम्ही दाराआडून हसायचो.

तर बाबांनी बंदूक हातात घेतली. मी सांगते, तो माणूस एका क्षणात दहा वर्षांनी तरुण झाला. नेम धरला, चाप ओढला. कावळा हसून उडून गेला. परत ओढला. परत उडाला. एकही पडेना. तूरेचा चेहरा उतरला.

"छे, हे डोक्यातच आलं नाही माझ्या," तो म्हणाला. "जुना डबा टीव्ही पाहिजे, या सपाट टीव्हीवर नाही चालायचं. ही बंदूक काही मारत नाही गं, ही बघते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, आणि लगेच कावळ्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला आधी काळोख आणि पाठोपाठ उजेड दिसला, की नेम लागला. नवा टीव्ही चित्र दाखवायला उशीर करतो, तोवर हिचं बघून झालेलं असतं."

"मग दिव्यावर रोखली तर?"

"दिवा आधी काळा कुठे होतो? आधी काळोखच पाहिजे."

आमचं हे चाललेलं असताना बाबा टीव्हीसमोरून वळले. त्यांनी बंदूक आईच्या खुर्चीवर रोखली. एक डोळा मिटला, चाप ओढला.

टुडूम्‌. टीव्हीवर कावळा पडला.

"बसलीय कशी बघा, मध्येच," बाबा खुशीत म्हणाले.

खुर्चीत तिची शाल होती, बाकी काही नाही. तूरे म्हणाला, खिडकीतल्या नाताळच्या चांदणीचा उजेड असेल. चांदणी बंद केली. बाबांनी चाप ओढला, कावळा पडला. छतावरचा दिवा घालवला. चुलीचं दार लावलं. तूरेनं टीव्हीसुद्धा भिंतीकडे फिरवला. पुन्हा कावळा पडल्याचा तो आवाज, टुडूम्‌, अंधारातून आला. मग मी बंदूक घेतली, भिंतीवर, दारावर, तूरेवर, सगळीकडे रोखली. काही नाही. खुर्चीवर रोखली, टुडूम्‌.

"तूरे... आधी काळोख आणि मग उजेड, असंच म्हणालास ना?"

"हो."

"म्हणजे तिथं जे आहे, ते..."

"गप्प बस ना, इल्वा."

डोळे मिटून उघडतंय, असं मला म्हणायचं होतं. बरं झालं, नाही म्हटलं.

तूरेनं रागारागानं ती खुर्ची उचलून पडवीत नेऊन ठेवली. "आता मारा, बाबा." बाबांनी खुर्चीच्या रिकाम्या जागेवर रोखली. नेम चुकला. मग त्यांनी हळूहळू बंदूक फिरवली, कुणी चालत जातंय आणि आपण त्याच्याकडे बघतोय, तशी. स्वयंपाकघराच्या दारापाशी थांबवली. टुडूम्‌.

"उठली," बाबा म्हणाले. "खुर्ची नेलीत ना तिची."

माझं डोकंच चालेना. खोका बिघडलाय म्हणावं, तर मग चुलीवर का नाही, सोफ्यावर का नाही? आई आहे म्हणावं, तर... काय म्हणणार? आईच्या अंत्ययात्रेत मी पुढे चालले होते. पण शुक्रवार डोक्यावर होता, आणि मला भुतापेक्षा त्या सरपणाच्या वाटेची भीती जास्त होती. मी बाबांच्या पुढ्यात बसले.

"बाबा, आई आली तर याल?"

"ती आली तर काय, कुठेही येईन."

"मग विचारा तिला."

बाबांनी दाराकडे बघितलं. "यर्डिस, येतेस का गं?"

आपल्याकडचं ते 'हो' असतं ना, तोंड न उघडता, गपकन श्वास आत ओढून म्हणतात ते? तुला काय सांगायचं, आल्यापासून तू तेच करतोयस. तसा एक श्वास ऐकू आला. मला वाटलं, बाबांची समजूत घालायला तूरेनं घेतला. हुशार आहे पोरगा, असंही मनात आलं. गाडीत बसताना तूरे मला म्हणाला, "बरी युक्ती केलीस." मी म्हटलं, मी नाही रे, तू. तो माझ्याकडे बघत राहिला.

शुक्रवारी बाबांना नेलं. खोली छान, खिडकीतून चर्च दिसतं. सेलाम नावाची तिथं काम करणारी पोरगी दालचिनीचे पाव घेऊन आली. तूरेनं खोका जोडला. बाबा अंगातला कोटसुद्धा काढेनात. बंदूक घेऊन एकेका कोपऱ्यावर रोखत गेले. पलंग, चुकला. कपाट, चुकला. खिडकी, चुकला. त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"नाही आली ती." टोपी उचलली त्यांनी. "मला घरी सोड, इल्वा. एकटीच बसली असेल."

मी दारात आडवी उभी राहिले. "बाबा, असं करू नका हो..." तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बंदूक माझ्यावर रोखली.

खोलीतले दिवे गेले. पापणी लवावी इतकाच वेळ, पण मिट्ट काळोख. मग आले.

टुडूम्‌.

"अगं बाई, ही इथं आहे होय!" बाबा म्हणाले. "आलीस ना?"

तो श्वास आत ओढल्याचा आवाज झाला. या खेपेला तो माझ्याच तोंडून आला. मी घेतला नव्हता, एवढंच मी सांगू शकते. बाबांनी टोपी खुंटीला अडकवली आणि पाव खायला बसले.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "इथल्या दिव्यांचं काहीतरी बघायला सांग त्यांना."

"कसले दिवे?" तूरे म्हणाला.

"मघाशी गेले ते."

"इल्वा, दिवे गेलेच नाहीत."

मी सेलामलाही विचारलं. नाहीच गेले. काळोख एकट्या मलाच दिसला होता. बंदुकीला जो पाहिजे असतो, तोच.

पुढे काय व्हायचं ते झालं. बाबा सुखात होते, वजन वाढलं त्यांचं. आणि इकडे मला अधूनमधून काळोख दिसायला लागला. भांडी घासताना, दुकानात. एकदा घाटातल्या वळणावर, मागे पोरं गाणी म्हणत असताना. चाक सरळ धरून ठेवलं मी, नशीब. डोळे तपासले, डॉक्टर म्हणाला ठणठणीत. शेवटी सेलामला फोन केला, बाबा खेळतात कधी? म्हणाली, "मनात येईल तेव्हा. टीव्हीकडे बघतसुद्धा नाहीत. खिडकीतून कुठेतरी नेम धरतात आणि एकच चाप ओढतात. कावळा मात्र पडतो हं!" मी तिला हात जोडले, म्हटलं शाळेच्या वेळेला बंदूक कपाटात ठेवत जा. कारण विचारू नकोस. तिनं ठेवली, आणि फेरीच्या वेळचा काळोख थांबला. मग मी कुणाला काही सांगितलं नाही. बाबा खुशीत होते, मी जगत होते, चाललं होतं.

ईस्टरला बाबा झोपेतच गेले. मी खूप रडले, आणि खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंही वाटलं. खोका तूरेनं नेला. बंदूक मात्र त्यानं बाबांची आवड म्हणून त्यांच्या शवपेटीत ठेवली. गोठलेली जमीन मोकळी झाल्यावर त्यांना पुरलं, आईच्या शेजारी. उन्हाळाभर काही झालं नाही.

आणि गेल्या सोमवारी, तळ्याकाठच्या सरळ रस्त्यावर, काळोख झाला. लवकन, एकदा. माझ्या शेजारच्या सीटवर छोटी तूवा बसली होती, तिला मागे गाडी लागते म्हणून. तिनं माझी बाही ओढली.

"इल्वा, आत्ता सगळं काळं झालं ना गं?"

"तुलाही दिसलं?"

"हो. तुझ्यानंतर." असं म्हणाली ती. तुझ्यानंतर. कसं कळलं तिला? आणि मान हलवून तिनं श्वास आत ओढला.

मी गाडी कडेला घेतली. बाबा एकच चाप ओढायचे रे. दोनदा ओढायची ती आई, दुसरी शेजारच्याला. पण मग माझ्यात कोण होतं? आई माझ्यात होती, तर बंदूक कुणाच्या हातात आहे? रात्रंदिवस विचार करते, काही म्हणजे काही कळत नाही. एवढंच कळतं, की माझ्या शेजारी पोर बसवायचं नाही. म्हणून चाव्या टाकल्या. तूवाला तू मागेच बसव, गाडी लागली तर लागू दे.

कॉफी गार झाली बघ तुझी. थांब, दुसरी...

दिवा गेला का आत्ता?

नाही ना? खिडकीतला तसाच आहे? बरं. खरं सांगितलंस, बरं केलंस.

मग तू डोळे का चोळतोयस?